अव्वा, तूप!

चहाचा कप हातात आला की अप्पा बंडीच्या आतल्या खिशातून एक चपटी बाटली काढत. तळहातावर सॅकरिनच्या दोन गोळ्या घेत, ‘ओंदु, एरडु’ असं कानडीत मोजत आणि पूजेतलं काही असावं तशा अलगद चहात सोडत. मग कप कानाशी नेऊन गोळ्या विरघळल्याचा आवाज ऐकत. आवाज थांबला की पहिला घोट.

"साखर हाय मला, बाई," हे ते दर वेळी नव्याने सांगत. "लई जपावं लागतंय."

एवढं जपून झालं की ते जेवायला बसत आणि तीन डाव हुग्गी खात.

ज्यांनी सोलापुरात सोमवारी कुणा लिंगायत घरात जेवण केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची घट्ट खीर. तिच्यात गूळ, खोबरं, खसखस आणि वरून तूप. अप्पांच्या घरचा डाव पंगतीत आमटी वाढायचा, लांब दांड्याचा. असा एक डाव माझ्या ताटात पडला तर मी रात्री जेवत नाही. अप्पा तीन खात आणि रात्री पुन्हा ‘उरलीसुरली’ संपवत.

अप्पा, म्हणजे गुरुलिंगप्पा, आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. वय पंचावन्नच्या आसपास, ज्वारीचं दुकान. घरात ते आणि त्यांची आई, अव्वा. बायको गौरव्वा आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच्या वर्षी वारली होती. मूलबाळ नव्हतं. गौरव्वाला मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि वह्या ठेवते. वाणसामानाची वही, नळाच्या वेळांची वही, आणि यजमानांना साखर निघाल्यापासून तिचीही वही. दर रविवारी सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळं औषध उकळायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे. रंग निळाच राहिला तर छान. हिरवा झाला तर भात कमी. पिवळा झाला तर घरात भांडण. विटकरी एकदाच झाला होता, यांच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नानंतर. त्या दिवसाचं मी इथे लिहीत नाही.

तेव्हा साखर या विषयात मला कुणी फसवू शकत नाही, अशी माझी समजूत होती.

"अप्पा, ही गोळी चहातली दोन चमचे साखर वाचवते. ताटातला गूळ ती खात नाही," मी सांगे.

"गोळी घेतली की, बाई!"

"अहो, पण तीन डाव!"

"सकाळी दोन घेतल्या, दुपारी दोन. चार गोळ्या मग जातात कुटं?"

"आहेत तशा मोरीत जातात. शरीर त्यांना हातसुद्धा लावत नाही."

अप्पा बोटांवर हिशेब करत. "मग तेवढ्या कमी धरा," म्हणत आणि डाव पुढे करायला लावत.

मी त्यांना त्यांच्याच दुकानातल्या, पोती वजन करायच्या काट्यावर उभं केलं. पलीकडे शंभर किलोचं पोतं होतं. अप्पांनी पोत्याला मागे टाकलं. मी गंभीरपणे त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "पोतं जरा ओढून भरलं पायजे."

मी आहाराचा तक्ता केला. सकाळी काय, दुपारी काय, हुग्गी महिन्यातून एकदा आणि वाटीने. मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या माजघरात चिकटवला. तीन आठवडे मी समाधानात होते. मग कळलं की अप्पांना तो दिसत नव्हता आणि अव्वांना वाचता येत नव्हतं. अव्वांनी विचारल्यावर अप्पांनी तो त्यांना ‘वाचून’ दाखवला होता, "बाईंनी लिवलंय, सोमवारी हुग्गी."

अप्पांना तक्ता दिसत नव्हता, हीच खरी काळजीची गोष्ट होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याला ते एकदा विचारताना सापडले, "बाई, आज शाळा न्हाय व्हय?" लुगडं बोललं नाही म्हणून दिवसभर माझ्यावर रुसले. ज्या माणसाने ज्वारीचा दाणा उजेडात धरून गाव सांगावं, तो आता दाणे दाताखाली फोडून ओळखत होता.

शेवटी मी अप्पांना आणि अव्वांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "उजवा पिकलाय. आता लांबवलं तर डोळा कायमचा जाईल. दुसरा काही आजार?"

अप्पांनी एकदा अव्वांच्या दिशेने मान वळवली. "साखर हाय मला."

"मग आधी ती उतरवा. जखम चिघळली तर पंचाईत. लघवी तपासून चिठ्ठी आणा, लगेच ऑपरेशन करू."

एवढंच करायचं होतं. लघवी तपासून चिठ्ठी. मी वहीत लिहिलं आणि पुढचे चार महिने ती एक ओळ मला खोडता आली नाही.

पहिल्यांदा अप्पांना जत्रेला जायचं होतं. मग ज्वारीची आवक सुरू झाली. मग अमावास्या. मग म्हणे लघवीसाठी दिलेली बाटली फुटली. मी दुसरी दिली. ती मांजराने पाडली. अप्पांच्या घरी मांजर नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "तुमचंच आलं आसंल." आमच्याकडेही नव्हतं.

तपासणीला काय भ्यायचं, हे मला समजत नव्हतं. मी ठरवून टाकलं की हा माणूस हुग्गीच्या मोहात डोळे घालवणार. एवढा राग मला वर्गातल्या मठ्ठ मुलीचाही कधी आला नाही.

त्या रागाच्या भरातच एका सोमवारी मी जेवायच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसले. म्हटलं, आज एक एक घास मोजते. तेव्हा एक विचित्र प्रकार माझ्या लक्षात आला. अव्वांनी पहिला डाव वाढला. त्याबरोबर अप्पा ओरडले, "अव्वा, तूप!"

ऐंशीच्या घरातल्या अव्वा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या आत आहेत तोवर अप्पांनी तो अख्खा डाव चार घासांत नाहीसा केला. चावला नाहीच. डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि हात चाललाय. अव्वा परत आल्या, रिकाम्या ताटात दुसरा डाव पडला. तो मात्र अप्पा माणसासारखे, शांतपणे, बोटं चाटत जेवले.

"बघितलं?" अव्वा म्हणाल्या. "पैला डाव कुटं गेला कळत न्हाय. लई भूक माझ्या लेकराला."

आणि तूप? तुपाची पितळी लोटी पहिल्यापासून अव्वांच्या पाटाशेजारी होती. अगदी उघडी, माझ्या डोळ्यांसमोर. मी बोलायला गेले, "अव्वा, लोटी तर इथेच..."

अव्वांनी माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की मी शब्द गिळला. "आतलं गरम हाय," त्या हळूच म्हणाल्या.

दोघंही ऐकण्यापलीकडची आहेत, असं मी ठरवलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी अप्पांना शेवटचं बजावलं. "उद्या सकाळी सातला बाटली माझ्या ओट्यावर हवी. नाहीतर मी अव्वांना घेऊन दुकानात येईन आणि गिऱ्हाइकांसमोर मागेन."

सकाळी सातला बाटली ओट्यावर होती. बुचाभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

मी म्हटलं, झालं. लघवीला मुंग्या म्हणजे चांगलीच साखर. आता विटकरी रंग बघायचा, तो अव्वांना दाखवायचा आणि तो डाव जप्त करायचा. मी दिवा पेटवला, औषध उकळलं, थेंब टाकले.

निळं.

पुन्हा उकळलं. निळं. यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, "वा! मला तर भात सोडूनही असा रंग येत नाही."

मग मी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरे दाणे होते. खडबडीत, चौकोनी, रेशनच्या साखरेचे. निदान तीन चमचे घातली असावी, विरघळलीसुद्धा नव्हती.

आता हे निळं औषध वाण्याकडच्या साखरेला ओळख देत नाही. त्याला कळते ती आजारी माणसाच्या लघवीत उतरणारी, वेगळी साखर. नववीच्या मुलींना मी हे दर वर्षी शिकवते. ज्वारीच्या व्यापाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

साखर लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत, एक तर घरातच आहे. साखर नसताना ती दाखवायला धडपडणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. आणि ‘साखर आहे’ ठरलं तर ऑपरेशन होणार नव्हतं. हे अप्पांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बाटली पिशवीत घातली आणि दुकानात गेले. अप्पा पोत्यांच्या आड बसून दाणे चावत होते.

"अप्पा, तुम्हाला साखर नाही. कधीच नव्हती."

"हळू बोला की, बाई." त्यांनी दुकानाचं एक दार ओढून घेतलं. "लाल न्हाई झालं?"

"निळं झालं. डोळा घालवायला निघालात तुम्ही! कशासाठी?"

अप्पांनी तळहातावरचे दाणे परत पोत्यात टाकले.

"गौरीला हुती," ते म्हणाले.

मी खाली, पोत्यावर बसले.

"लगीन होऊन आठ वर्सं झाली हुती. मूल न्हाई. मावश्या, आत्या, समदे अव्वाच्या मागं लागलेले, गुरुलिंगाचं दुसरं लगीन करा. तशात हिला साखर निघाली. कळलं आसतं तर म्हनले आसते, रोगी पोरगी गळ्यात बांदली, माहेरी धाडा. मग मी दवाखान्यातनं घरी आलो आन् अव्वाला सांगितलं, साखर मला हाय. माज्यासाठी गोळीचा च्या येगळा करायला लावला. त्यातलाच हिला. कुनी इचारलं तर ही म्हनायची, यांच्यासंगट मीबी गोळीचाच घेते. लोक म्हनायचे, कसली बायको हाय बघा!" अप्पा हसले. "लई नाव झालं तिचं."

"आणि हुग्गी?"

"सोमवारी दोघांना जोडीनं बसवून अव्वा सोता वाढायची. न्हाई म्हनायची सोय न्हाई. मग मी म्हनायचो, अव्वा, तूप! अव्वा आत गेली की गौरीचं ताट माज्याकडं, माजं रिकामं तिच्याकडं. अव्वा यायच्या आत पोटात घालायचं. चौदा वर्सं, बाई. दोघांचं जेवलो. म्हनून तर हे पोतं झालं."

"पण आता कशाला? गौरव्वा गेली. आता सांगायला काय हरकत आहे?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं.

"अव्वानं सोताच्या हातानं वाढलंय तिला. सनाला, सोमवारी. सगळंच काय मला खाता आलं आसंल? ऐंशी वर्साच्या बाईला आता सांगू, तुजी सून साखरंनं गेली म्हून? ती काय म्हनंल? माज्याच हुग्गीनं मारलं म्हनंल. त्यापरीस ऱ्हाऊ दे डोळा."

मी म्हटलं, "डॉक्टरांना मी खरं सांगते. अव्वांना सांगते की साखर उतरली. दोन्ही कामं माझी. तुम्ही फक्त पलंगावर झोपायचं."

डॉक्टरांनी पुन्हा तपासून घेतलं, माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि तारीख दिली. अव्वांना मी सांगितलं, "उतरली हो साखर." अव्वा म्हणाल्या, "उतरंल न्हाई तर काय! खपलीची हुग्गी लई थंड." मी दात आवळून ‘हो’ म्हटलं. वहीत चार महिन्यांची ती ओळ खोडली.

ऑपरेशन झालं. अप्पा आठ दिवस डोळ्यावर पट्टी बांधून इस्पितळात उताणे होते. त्या काळात शाळा सुटली की मी अव्वांच्या सोबतीला जाऊन बसत असे. एका संध्याकाळी मी म्हटलं, "अव्वा, आता ते घरी आल्यावर हुग्गीचा डाव लहान घ्या. साखर उतरली तरी वजन आहेच."

"घेते," अव्वा चटकन म्हणाल्या. एवढ्या चटकन की मी दचकले. त्यांनी फोटोतल्या गौरव्वाकडे पाहिलं. "आता कुनासाठी मोठा वाडायचा?"

मी दिवा लावायला उठले.

"बाई, तुमाला त्यानं सांगितलं न्हवं? तुमच्या तोंडावरनं कळतंय. तुमाला खोटं बोलता येत न्हाई. ‘उतरली हो’ म्हनताना तुमी भिताडाकडं बघत हुता."

"अव्वा, तुम्हाला..."

"मोरीत मुंग्या कुनाच्या मागनं येत्यात, हे बाईमानसाला कळत न्हाई व्हय? त्याच्या मागनं कवा आल्या न्हाईत. तिच्या मागनं यायच्या. पैल्या महिन्यात कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? माजी भैन रोज दारात बसायची, दुसरी पोरगी बघितलीया म्हनून. तिला वास लागला आसता तर? मी जर सुनंला हुग्गी वाडायची थांबले तर चार बायका इचारनार, का हो थांबलात? म्हनून वाडायची. आन् त्यानं ‘अव्वा, तूप’ म्हनलं की उटायची. तूप हितंच आसायचं, पदराखाली धरलेलं. आत जाऊन भिताडाला टेकून उबी ऱ्हायची. ताटाचा आवाज झाला, दोघांचं झालं आसं कळलं की यायची."

मला एकदम तो चिमटा आठवला.

"आता पदराखाली धरत नाही तुम्ही."

"त्याला दिसत न्हाई आता, कशाला झाकू?" अव्वा म्हणाल्या. मग माझा हात धरला. "त्याला सांगू नका हां, बाई. त्याला वाटतंय मला ठाऊक न्हाई. तेवड्यावर जगतोय. ऱ्हाऊ दे."

घरी येऊन मी वही उघडली. तारीख टाकून बंद केली.

दीड महिन्याने अप्पांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्यात त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसत. पहिल्या दिवशी त्यांनी रस्त्याने जाताना दिसेल ते वाचलं, अगदी सायकलच्या दुकानातला ‘हवा’ हा शब्दसुद्धा. माझा तक्ताही वाचला आणि म्हणाले, "यात सोमवारी हुग्गी कुटं लिवलीया?" मी म्हटलं, "तेच मी केव्हापासून विचारतेय."

पुढचा सोमवार. मला जेवायला बोलावलं होतं. अप्पा आणि मी समोरासमोर, मध्ये अव्वा वाढायला. अव्वांनी नवा, लहान डाव काढला होता. माझी ही एवढी एक गोष्ट या घराने ऐकली. अप्पांनी ताटाकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं. "अव्वा, भिंगातनं बारीक दिसतंय व्हय गं?"

"भिंगातनं मोटं दिसतं," अव्वा म्हणाल्या. "जेव."

हुग्गी ताटात पडली. सवय म्हणा, अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, तूप!"

अव्वांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला लागल्या. त्यांच्या पाटाशेजारी तुपाची लोटी तशीच उघडी होती, दोन-तीन वर्षांच्या सवयीने. अप्पांची ती लिंबाएवढी झालेली नजर ताटावरून उठली आणि घर न्याहाळत हळूहळू इकडे वळायला लागली. फोटो, पाट, अव्वांचा पदर...

मी पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्ताने पुढे वाकले, लोटी माझ्याकडे ओढली आणि पदराखाली घेतली.

लोटी गरम होती. चांगलीच. अव्वा आतल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असतील तेवढा वेळ मी ती धरून बसले, आणि अप्पांना म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? जेवा की. सावकाश जेवा."